संघ सुधारतोय का? मोसमाच्या पहिल्या महिन्यात काय बघावे

जुलैत प्रवेशाची धावपळ ओसरते, वर्ग भरू लागतात आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या ग्राउंडवर फुटबॉलचा सराव सुरू होतो. कुठे वीसेक मुले जमतात, कुठे अकराचा आकडाही कसाबसा गाठला जातो. पुढे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असतात. त्याआधी शेजारच्या कॉलेजाशी किंवा गावातल्या जुन्या खेळाडूंशी एखाददुसरा सराव सामना होतो. तो हरला की दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये निकाल लागतो, ‘यंदा काही खरं नाही.’ जिंकला तर ‘यंदा विद्यापीठ आपलंच.’ हे दोन्ही निकाल घाईचे असतात, आणि ते नुसते कॅन्टीनमध्ये राहत नाहीत. त्यांच्यावरून संघ बदलला जातो, नवखी मुले बाहेर बसवली जातात, सरावाची पद्धत मोडली जाते.

हा लेख क्रीडा संचालकांसाठी आहे, कर्णधारांसाठी आहे आणि रेषेबाहेर उभे राहून सामना बघणाऱ्या माजी खेळाडूंसाठी व पालकांसाठीही आहे. मोसमाच्या सुरुवातीला संघ सुधारतोय की नाही हे गोलफलकावरून कळत नाही. ते ज्या गोष्टींवरून कळते त्या मैदानावर उघड दिसतात. त्या बघायची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

गोलफलकावर विश्वास का ठेवू नये? फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात. कतारमधल्या २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे दर सामन्याला तीनही नाहीत. जिथे सगळा निकाल दोन-तीन गोलांवर ठरतो, तिथे खांबाला लागून परतलेला एक चेंडू किंवा पंचांची एक शिट्टी निकाल फिरवते. त्याच विश्वचषकात २२ नोव्हेंबरला अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून १-२ असा हरला. पहिल्या अर्ध्या वेळात त्यांचे तीन गोल ऑफसाइड ठरले होते. चार आठवड्यांनी चषक अर्जेंटिनाच्याच हातात होता. २०१० मध्ये स्पेनही पहिला सामना स्वित्झर्लंडकडून हरून शेवटी विश्वविजेता झाला.

आपल्या देशातले उदाहरण त्याहून मोलाचे आहे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ‘मैदान’ हा चित्रपट ज्यांच्यावर निघाला तेच. त्यांनी संघ मोडीत काढला नाही. थायलंड आणि जपान यांना हरवत भारत पुढे गेला. डोक्याला मार लागलेल्या जर्नेलसिंग या बचावपटूला रहीम यांनी उपांत्य सामन्यात पुढच्या फळीत खेळवले आणि त्याने गोल केला. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरियाच होता. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांच्या गोलांवर भारताने २-१ असे सुवर्णपदक घेतले. त्या संघाच्या मधल्या फळीत फोर्तुनातो फ्रँको हा गोव्याचा खेळाडू होता. रहीम पेशाने शिक्षक होते, ही गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक क्रीडा शिक्षकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या पराभवातही त्यांना आपल्या संघात काहीतरी दिसले असणार, आणि ते गोलफलकावर नक्कीच नव्हते.

आपल्याकडे एक अडचण जास्तीची आहे. विद्यापीठ स्पर्धेत बाद पद्धतीत एक सामना हरला की परतीची गाडी. तिथे शिकायला वेळ मिळत नाही. म्हणून जे काही वाचायचे ते ऑगस्ट-सप्टेंबरच्या सराव सामन्यांत वाचून घ्यावे लागते.

चेंडू गेल्यानंतरचे पाच सेकंद

मला एकच खूण निवडायला सांगितली तर मी ही निवडेन. चेंडू आपल्याकडून गेल्यावर पुढच्या पाच सेकंदांत आपली मुले काय करतात?

एक प्रसंग घ्या. डावा बॅक चेंडू घेऊन मधल्या रेषेकडे सरकतो आणि आतल्या मिडफिल्डरला पास देतो. पास हळू पडतो, समोरचा विंगर आत शिरून तो तोडतो. आता चेंडूकडे बघू नका. ज्याचा पास तुटला त्या बॅककडे बघा. सुधारणा नसलेल्या संघात तो दोन्ही हात पसरून उभा राहतो, मिडफिल्डरकडे बघून ‘अबे, पुढे यायचं ना’ म्हणतो. मिडफिल्डर त्याला उत्तर देतो. तेवढ्यात विंगर वीस मीटर पुढे गेलेला असतो. सुधारणाऱ्या संघात बॅक त्याच पावलावर वळतो आणि विंगर व गोल यांच्या मध्ये येतो. मिडफिल्डर दोन-तीन पावलांत चेंडूवर जातो. स्टॉपर धावत अंगावर जात नाही, आपली जागा धरून एकेक पाऊल मागे सरकतो. चेंडू परत मिळाला नाही तरी हरकत नाही. विंगरला तो बाजूला किंवा मागे द्यावा लागला, त्याची धाव थांबली, एवढे झाले की काम झाले.

ही खूण मी सगळ्यांत वर ठेवतो, कारण ती कौशल्यावर फारशी अवलंबून नाही. पायात चेंडू बसायला वर्षे जातात. मात्र चेंडू गेल्यावर लगेच वळण्याची सवय सहा आठवड्यांच्या सरावात लागू शकते. ती लागलेली दिसली तर सरावात जे सांगितले जाते ते मुलांच्या डोक्यात उतरते आहे हे नक्की समजा. शिवाय समोरचा संघ भारी असो की हलका, पाऊस असो की ऊन, ही गोष्ट मोजता येते. एका राखीव खेळाडूला वही देऊन बसवा. आपला चेंडू जितक्या वेळा जाईल तितक्या वेळा त्याने एक रेघ ओढावी, आणि पाच सेकंदांत किमान दोन खेळाडू हलले तर त्या रेघेवर फुली मारावी. पहिल्या सामन्यात वीस रेघांवर सहा फुल्या असतील आणि चौथ्या सामन्यात बारा, तर तो सामना ०-३ असा हरला असला तरी संघ पुढे चालला आहे.

याच्याच जोडीने चूक करणाऱ्याकडे बाकीचे कसे बघतात तेही बघा. गोल बसल्यावर चेंडू जाळ्यातून काढून मधल्या खुणेकडे कोण नेतो? आधी कोण बोलते आणि काय बोलते? गोलनंतर चार-पाच मुले एकत्र येऊन दोन वाक्ये बोलतात आणि जागेवर जातात, हे फार चांगले लक्षण. प्रत्येक जण कमरेवर हात ठेवून वेगवेगळ्या दिशेला बघत असेल, तर मैत्रीपूर्ण सामना १-० ने जिंकूनही समाधान मानू नका.

संघाची लांबी आणि मैदानावरचे बोलणे

दुसरी मोठी खूण रेषेबाहेरून, शक्य असेल तर जरा उंचावरून, बघायची. चेंडू समोरच्या संघाकडे असताना आपला सगळ्यात मागचा स्टॉपर आणि सगळ्यात पुढचा फॉरवर्ड यांच्यात किती अंतर आहे? मैदान साधारण शंभर मीटर लांब असते. चांगला संघ बचावाच्या वेळी तीस-पस्तीस मीटरच्या पट्ट्यात मावतो. आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयीन संघांचा हा पट्टा साठ-सत्तर मीटरपर्यंत ताणलेला असतो. फॉरवर्ड पुढे ताटकळत उभा, बॅक गोलच्या दाराशी, मधल्या रानात दोन मिडफिल्डर एकटे पळत सुटलेले. मग लोक म्हणतात, ‘आपल्या मिडफिल्डमध्ये दम नाही.’ दम असतो, पण त्या दोघांना चार जणांचे रान राखावे लागते.

पहिल्या वीस मिनिटांत संघ आखडून खेळतो का हे तर बघाच, पण साठाव्या मिनिटालाही तो तसाच राहतो का हे बघणे अधिक गरजेचे. मोसमाच्या सुरुवातीला साठाव्या मिनिटाला सगळेच ताणले जातात. तिसऱ्या-चौथ्या सामन्यात ही ताणण्याची वेळ पुढे सरकून सत्तराव्या मिनिटावर गेली तर संघात दमही वाढला आणि समजही वाढली.

बोलणे ही ऐकायची खूण आहे. आपल्या ग्राउंडवर वऱ्हाडी, हिंदी आणि इंग्रजी यांची सरमिसळ चालते, ‘अकेला है’, ‘मागून आला’, ‘टाइम हाय’, ‘वापस दे’. कोणत्याही भाषेत चालेल, पण हाक उपयोगाची हवी. ‘मार, मार’ आणि ‘दे ना बे’ या हाका नव्हेत, ती नुसती ओरड आहे. ‘मागून आला’ ऐकून खेळणारा एका स्पर्शात चेंडू सोडू शकतो. ‘अकेला है’ ऐकून वळून पुढे बघू शकतो. पहिल्या महिन्यात फक्त कर्णधार आणि गोलकीपर बोलत असतात. पाच-सहा मुले, त्यातही पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेली, मोठ्या खेळाडूंना बिनधास्त हाक देऊ लागली की संघाची घडी बसते आहे असे समजावे. हे आपोआप होत नाही. सीनियर मुलांना सांगावे लागते की ज्युनियरने आवाज दिला तर ऐकायचे. कर्णधाराच्या कामात हे मी फ्री किक मारण्याच्या वर ठेवतो.

थ्रो-इनकडे कोणी बघत नाही, म्हणूनच ती बघा. एका सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून चाळीस-पन्नास थ्रो-इन सहज होतात. इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबने २०१८ मध्ये थॉमस ग्रोनेमार्क नावाच्या डॅनिश प्रशिक्षकाला केवळ थ्रो-इनसाठी बोलावले होते. आपल्याला तज्ज्ञ नको, फक्त मोजणी हवी. आपण टाकलेल्या थ्रो-इनपैकी किती वेळा चेंडू आपल्याच खेळाडूकडे राहिला? सरावात रोज दहा मिनिटे दिली तर हा आकडा लवकर वाढतो, आणि तो वाढणे म्हणजे मुले चेंडू नसतानाही हालचाल करू लागली याचा पुरावा.

गोलकीपरला पहिल्या दिवसापासून तपासा

आपल्याकडे गोलकीपर बहुतेक वेळा निवडला जात नाही, उरतो. ज्याला पळायला नको तो हातमोजे घालतो. वाईट याचे वाटते की याच यवतमाळने देशाला गोलरक्षक दिला आहे, मात्र तो हॉकीत. २०१७ मध्ये ढाक्यात आशिया चषक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघात यवतमाळचा आकाश चिकटे होता. जिल्ह्यात उंच, धीट, हात पक्के असलेली मुले आहेत. कबड्डीत, व्हॉलीबॉलमध्ये, कॉलेजच्या मागच्या बाकावर ती शोधावी लागतात.

गोलकीपरची सुधारणा त्याने अडवलेल्या फटक्यांवरून मोजू नका. तो चेंडू मिळाल्यावर काय करतो ते बघा. दर वेळी डोळे मिटून उंच लाथ मारतो की आधी मान वर करून बघतो? मोकळ्या बॅकला हाताने चेंडू सोडतो का? कॉर्नरच्या वेळी नाव घेऊन माणसे लावतो का? शिवाय १ जुलै २०२५ पासून नियम बदलला आहे. गोलकीपरने चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ हातात धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून मोजून दाखवतात. आपल्या गोलकीपरला हे ठाऊक आहे का, हे सराव सामन्यातच तपासून घ्या. स्पर्धेत नुसत्या अज्ञानापायी कॉर्नर देऊ नये. गोल किक आता पेनल्टी क्षेत्राच्या आतच आपल्या खेळाडूला देता येते, हा २०१९ पासूनचा नियमही कित्येक संघ वापरत नाहीत.

आपले ग्राउंड, आपला पाऊस

इथे यवतमाळचा म्हणून विचार करावा लागतो, कारण बाहेरची पुस्तके हे सांगत नाहीत. आपल्याकडची बरीच मैदाने काळ्या मातीची आहेत. ही माती पावसात फुगते आणि चिकटते, बुटांना किलोभर चिखल लागतो, चेंडू मध्येच थांबतो. पाऊस उघडला आणि ऑक्टोबरचे ऊन पडले की तीच माती आकसते, तिला भेगा पडतात, आणि त्या भेगांत घोटे मुरगळतात. म्हणजे मोसमाच्या सुरुवातीचे मैदान आणि स्पर्धेच्या वेळचे मैदान एक नसतेच.

म्हणून चिखलातल्या सामन्यात जमिनीवरचे पास मोजू नका, तो आकडा खोटा येतो. चिखलात बघायचे ते म्हणजे पाच सेकंदांची हालचाल, हाका, हवेतल्या चेंडूवर कोण आधी पोहोचतो आणि उसळून आलेल्या दुसऱ्या चेंडूसाठी कोण आधीच जागेवर असतो. पासची अचूकता बघायची असेल तर उघाडीच्या दिवशी, मैदानाचा कोरडा तुकडा निवडून, पाचास पाच असा लहान खेळ लावा. पंधरा मिनिटांत किती सलग पास होतात ते मोजा आणि दर आठवड्याला त्याच तुकड्यावर पुन्हा मोजा. मैदानावर भेगा पडू लागल्या की सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मुलांनी मुरूम-माती टाकून मोठ्या भेगा बुजवाव्यात. तेवढ्याने एखाद्याचा घोटा वाचतो.

दुखापतींचा आकडा हीसुद्धा खूणच आहे. पहिल्या महिन्यात तीन मुले मांडीचा स्नायू धरून बाहेर बसली असतील तर त्याला नशीब म्हणू नका, तयारी कमी पडली. ‘फिफा इलेव्हन प्लस’ नावाचा वॉर्मअप जगभर वापरला जातो. पंधरा व्यायाम, साधारण वीस मिनिटे, साहित्यात फक्त चेंडू. धावणे, मग ताकद, तोल आणि उड्या, शेवटी पुन्हा वेगाचे धावणे. नॉर्वेत किशोरवयीन मुलींच्या संघांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा वॉर्मअप करणाऱ्यांच्या एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळल्या. मैदानाला दोन चकरा आणि हात-पाय झटकणे एवढ्यावर आपला वॉर्मअप संपत असेल तर तो आधी बदला. आठवड्यातून किमान दोनदा तरी पूर्ण वीस मिनिटे झालीच पाहिजेत.

दम मोजायला महागडे यंत्र लागत नाही. बारा मिनिटांत किती अंतर धावले हे बघणारी कूपर चाचणी १९६८ पासून जगभर चालते. ती जुलैच्या शेवटी एकदा घ्या आणि सहा आठवड्यांनी पुन्हा. धावून थांबल्यावर लगेच आणि नंतर एका मिनिटाने मनगटावर नाडी मोजा. आधीपेक्षा लवकर नाडी खाली येत असेल तर शरीर तयार होते आहे. मुलांना हे आकडे स्वतःच्या हाताने लिहू द्या, ते एकमेकांशी नव्हे, स्वतःच्या मागच्या आकड्याशी स्पर्धा करू लागतात.

हजेरीचे गणित

सरावाला किती मुले आली यापेक्षा कोण सलग आले हे बघावे. मात्र इथे क्रीडा शिक्षकाने थोडे समजून घ्यायला हवे. आपल्या खेळाडूंतले बरेच जण घाटंजी, राळेगाव, झरी-जामणी, महागाव अशा भागांतल्या खेड्यांतून एसटीने येतात. शेवटची बस चुकली तर मुक्कामाची सोय नसते. पोळ्याला मुले गावी जाणारच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापूस वेचणीला घरी हात कमी पडतात, तेव्हा मुलगा चार दिवस आला नाही म्हणून त्याला आळशी ठरवणे अन्याय आहे. सरावाची वेळ बसच्या वेळापत्रकाला धरून ठरवा. वेचणीच्या दिवसांत येणार नाही असे मुलाने आधी येऊन सांगितले, तर ती माझ्या मते हजेरीइतकीच मोठी सुधारणा आहे. न सांगता गायब होणारा संघ आणि सांगून जाणारा संघ यांत फार फरक असतो.

जेवणही यातच आले. सकाळच्या बसने उपाशी निघालेला मुलगा साठाव्या मिनिटाला बसतो आणि आपण त्याच्या जिद्दीला नावे ठेवतो. भिजवलेले चणे, शेंगदाणे-गूळ, केळी, उकडलेली अंडी यांची सोय वर्गणीतूनही होते. दोन आठवडे ही सोय केल्यावर शेवटच्या वीस मिनिटांतला खेळ बदलला का, ते वहीत बघा.

मुलींच्या संघासाठी वेगळे मोजमाप लागते. तिथे सुरुवातीचा प्रश्न असतो की महिनाभर पुरेशा मुली टिकतात का. कपडे बदलायला सुरक्षित खोली, पाण्याची सोय, अंधार पडायच्या आत सुटका आणि पालकांशी एकदा प्रत्यक्ष बोलणे, एवढे केले तर संख्या टिकते. ऑगस्टच्या शेवटी बारावी-तेरावी मुलगी अजून येते आहे, हे त्या संघाच्या प्रगतीचे मोठे चिन्ह आहे. पहिल्या सामन्यात आठ गोल बसले तरी त्या संघाला नाव ठेवू नये. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्याच नवी मुंबईत झाला. तो जवळून बघण्याची संधी विदर्भातल्या किती मुलींना मिळाली असेल? गावातल्या मैदानावर सुरुवात झाली तरच पुढचे काही शक्य आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन सुरुवात केली, ती फुटक्या बादलीला लाथा मारणारी मुले पाहून. त्यातूनच ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. त्यांनी त्या मुलांत पहिल्यांदा पाहिली ती खेळायची ओढ, निकाल त्या वेळी कोणाच्या डोक्यातही नव्हता.

कशाला भुलू नये

दुबळ्या संघावर सहा-सात गोलांनी मिळवलेल्या विजयाला अजिबात भुलू नये. अशा सामन्यात चेंडू गेल्यानंतरचे पाच सेकंद फार कमी वेळा येतात, म्हणजे त्यातून फारसे काही कळत नाही. सगळे गोल एकाच मुलाने केले असतील तर त्याचे कौतुक करा, पण पुढच्या सराव सामन्यात त्याला अर्धा वेळ बाहेर बसवून बघा. त्याच्याशिवाय संघ गोलपर्यंत पोहोचतो का? नवी जर्सी, फलकावरचा सत्कार, व्हॉट्सअॅपवरचे फोटो यांनी उत्साह येतो, तो असावाही. खेळाचे मोजमाप मात्र वेगळे ठेवावे. आणि उलट बाजूने, तगड्या संघाकडून मोठ्या फरकाने हरलेल्या सामन्यातही वही बंद करू नका. अशा सामन्यात शेवटच्या वीस मिनिटांत किती गोल बसले, हे बघणे फार शिकवून जाते.

कोल्हापुरात राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा खंडोबा तालमीचा सामना बघणारा साधा माणूसही बॅकची जागा चुकली की लगेच बोलतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने ती नजर आली आहे. आपल्याकडे फुटबॉलला तसा प्रेक्षक अजून नाही. तो तयार व्हायला हवा, आणि त्याची सुरुवात माजी खेळाडूंकडून होऊ शकते. आपण शिकत असताना संघ कसा होता याच्या आठवणी सांगण्यापेक्षा रेषेबाहेर बसून थ्रो-इन मोजून दिल्या तर क्रीडा संचालकांना खरी मदत होईल.

वहीबद्दल शेवटचे सांगतो. साधी शंभर पानी वही घ्या. प्रत्येक सराव सामन्याला दोन पाने. त्यात पाच सेकंदांच्या रेघा आणि फुल्या, राखलेल्या थ्रो-इन, संघ ताणला गेला ते मिनिट आणि शेवटच्या वीस मिनिटांत खाल्लेले गोल, एवढेच लिहा. मैदान कोरडे की चिखलाचे आणि समोर कोण होते हेही लिहा, नाही तर महिन्याने आकड्यांचा अर्थ लागणार नाही. स्कोअर पानाच्या तळाशी. चार सामन्यांची आठ पाने झाली की ती संघासमोर उघडा आणि मुलांनाच विचारा की काय बदलले. मग पुढच्या तीन आठवड्यांच्या सरावासाठी एकच गोष्ट निवडा. सगळे एकदम दुरुस्त करू गेलो की हाती काहीच लागत नाही, असा सगळ्याच खेळांचा अनुभव आहे. चारही सामन्यांत एकही आकडा हलला नसेल तर मुलांना दोष देण्याआधी सराव कसा चालतो तो तपासा. लांब रांगेत उभे राहून एकेकाने गोलवर फटका मारायचा, हा सराव असेल तर आकडे हलणार नाहीत.

सराव सामने मिळत नाहीत ही तक्रार सगळीकडे असते. पण यवतमाळ शहरातच अमोलकचंद महाविद्यालय, दाते महाविद्यालय, दर्डा अभियांत्रिकी आणि वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेत. पुसदला फुलसिंग नाईक महाविद्यालय आणि बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी एकाच गावात आहेत. अशा ठिकाणी संघ जमवून आपसात सामने ठेवले तर प्रवासखर्चही लागत नाही. वणी, उमरखेड, दारव्ह्याच्या मुलांना मात्र बाहेर पडावे लागते. अमरावतीला स्पर्धेला जाताना त्यांचा दिवस प्रवासातच जातो, आणि बहुतेकदा मोसमातला पहिला खरा सामना ती तिथेच, थकलेल्या पायांनी खेळतात.

म्हणून प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना विनंती आहे. क्रीडा निधीतून स्पर्धेच्या प्रवासाची तरतूद तुम्ही करताच. तीत ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या निदान चार सराव सामन्यांचे एसटी भाडे आणि मुलांचा नाश्ता तेवढा वाढवा, आणि त्या चार सामन्यांच्या निकालावरून क्रीडा संचालकांना जाब विचारू नका. विचारायचेच असेल तर वही मागा.